नगराध्यक्षांच्या हातात नेमके किती?

सात-आठ उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट आहे. आमची आळी शहराच्या वरच्या टोकाला, कातळावर वसलेली आहे. एप्रिल उजाडला की नळाची धार करंगळीएवढी होते आणि मे महिन्यात तीही थांबते. त्या वर्षी आळीतल्या दहा-बारा बायका आणि आम्ही तीन-चार पुरुष मिळून नगराध्यक्षांच्या घरी गेलो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, आमच्यासमोरच पाणीपुरवठा विभागाला फोन केला, आणि संध्याकाळी पाखाडीच्या तोंडाशी टँकर येऊन उभा राहिला. त्याच भेटीत आम्ही आणखी एक मागणी केली होती. खालच्या टाकीपासून आमच्या आळीपर्यंत आलेली जुनी, बारीक व्यासाची जलवाहिनी काढून तिथे मोठी घालावी, अशी ती मागणी होती. तीही त्यांना तत्काळ पटली आणि "करून घेऊ या" असे ते म्हणाले. ती जलवाहिनी प्रत्यक्ष जमिनीत जाईपर्यंत मात्र दोन पावसाळे उलटले.

मधल्या काळात आळीत बोलणे सुरू झाले की नगराध्यक्षांची इच्छाच नाही, नाहीतर एका फोनवर टँकर आणणाऱ्या माणसाला पाइप घालणे काय अवघड होते? मीही तसेच म्हणत होतो. पुढे नगर परिषदेच्या सभांना प्रेक्षक म्हणून बसू लागलो, ठराव आणि इतिवृत्ते वाचू लागलो, तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली. टँकर आणि जलवाहिनी ही दोन्ही पाण्याचीच कामे असली तरी कायद्याच्या दृष्टीने ती दोन वेगळ्या जातीची कामे आहेत. पहिल्यासाठी नगराध्यक्षांचा शब्द पुरतो आणि दुसऱ्यासाठी तो कधीच पुरत नाही. हा फरक ज्या कायद्यातून आला आहे तो समजून घेतला तर आपल्या शहराच्या कारभाराविषयीचे पुष्कळसे कोडे सुटते, म्हणून हा लेख लिहितो आहे.

आधी नावांचा घोळ निस्तरला पाहिजे. परदेशी बातम्यांत आणि चित्रपटांत आपण ज्याला 'मेयर' म्हणून ओळखतो, त्याचे भाषांतर मराठीत सरसकट 'महापौर' असे केले जाते. महाराष्ट्रात महापौर हे पद फक्त महानगरपालिकेत असते. नगर परिषदेचा आणि नगरपंचायतीचा प्रमुख म्हणजे नगराध्यक्ष. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत एकही महानगरपालिका नाही. रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापूर, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी, आणि वर रायगडात अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन येथे नगर परिषदा आहेत, तर दापोली, गुहागर, लांजा, देवरुख, कणकवली, कुडाळ, देवगड अशा ठिकाणी नगरपंचायती आहेत. या सगळ्यांचा कारभार 'महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५' या एकाच कायद्याने चालतो. लोकसंख्या एक लाखाच्या वर असेल तर 'अ' वर्ग, चाळीस हजार ते एक लाखापर्यंत 'ब' वर्ग आणि त्याखाली 'क' वर्ग, अशी नगर परिषदांची प्रतवारी आहे. वर्ग बदलला तरी नगराध्यक्षांच्या अधिकारांचा गाभा बदलत नाही.

आता एक गोष्ट अशी, जी ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते. कायद्याच्या पुस्तकापुरते बोलायचे तर लहान गावच्या नगराध्यक्षांना कारभारात जितका हात घालता येतो तितका मोठ्या शहराच्या महापौरांना घालता येत नाही. महानगरपालिकांच्या १९४९ च्या अधिनियमाने कार्यकारी अधिकार थेट आयुक्तांकडे दिले आहेत, आणि मुंबईच्या १८८८ च्या कायद्यातही आयुक्त हाच कारभाराचा कणा आहे. महापौर सभेचे अध्यक्षस्थान भूषवतात, शहराचे प्रथम नागरिक म्हणून मान घेतात, कागदपत्रे पाहू शकतात, आयुक्तांकडून अहवाल मागवू शकतात. आयुक्त मात्र त्यांच्या नियंत्रणाखाली काम करत नाहीत. महापौरांना अधिक कार्यकारी बळ देणारी 'मेयर-इन-कौन्सिल' ही पद्धत १९९८ साली मुंबईत आणली गेली होती, पण ती अल्पावधीतच गुंडाळावी लागली. पनवेलकरांना हा फरक एकाच शहरात पाहायला मिळाला. १८५२ पासून नगरपालिकेची परंपरा सांगणारे हे शहर ऑक्टोबर २०१६ मध्ये महानगरपालिका झाले, नगराध्यक्षांच्या जागी महापौर आले, शहराचा मान वाढला, आणि प्रशासनावरची थेट देखरेख मात्र लोकप्रतिनिधीच्या हातून बऱ्याच अंशी निसटली.

पाहणे, ठरवणे आणि करणे

१९६५ च्या अधिनियमातील कलम ५८ मध्ये नगराध्यक्षांची कामे सांगितली आहेत. त्यातली भाषा जड आहे, म्हणून ती साध्या शब्दांत मांडतो. नगराध्यक्षांनी परिषदेच्या सभांचे अध्यक्षस्थान घ्यायचे. परिषदेच्या आर्थिक आणि कार्यकारी कारभारावर लक्ष ठेवायचे. परिषदेचे अधिकारी व कर्मचारी कारभाराच्या, हिशेबाच्या आणि अभिलेखांच्या बाबतीत जे काही करतात त्यावर देखरेख व नियंत्रण ठेवायचे. याशिवाय आणीबाणीच्या प्रसंगी काही विशेष अधिकार त्यांना आहेत, त्यांच्याकडे पुढे येतो.

या यादीत 'मंजूर करणे' हे क्रियापद कुठे नाही, हे लक्षात घ्यावे. नवे काम हाती घ्यायचे की नाही, कराचा दर काय असावा, परिषदेची जागा भाड्याने द्यायची की नाही, मासळी बाजाराची नवी इमारत कुठे बांधायची, हे सारे ठरवण्याचा अधिकार परिषदेचा, म्हणजे सभेत बसलेल्या सर्व सदस्यांचा, किंवा ज्या त्या समितीचा आहे. ठरलेले काम प्रत्यक्ष करण्याची जबाबदारी मुख्याधिकाऱ्यांची आणि त्यांच्या हाताखालच्या यंत्रणेची आहे. नगराध्यक्ष या दोहोंच्या मध्ये उभे असतात. ठरवणाऱ्यांच्या सभेचे ते अध्यक्ष असतात आणि करणाऱ्यांच्या कामावर ते नजर ठेवतात. टँकर त्या संध्याकाळी आला याचे कारण हेच होते. टँकर परिषदेचा होता, चालक परिषदेचा होता, टंचाईच्या काळात टँकरने पाणी देण्याचा निर्णय आधीच झालेला होता. आमच्या आळीचे नाव राहून गेले होते, ते नगराध्यक्षांनी देखरेखीच्या अधिकारात घालायला लावले. जलवाहिनी मात्र नवे काम होते, तिच्यासाठी ठराव हवा होता, पैसा हवा होता, मान्यता हव्या होत्या, आणि यातली एकही गोष्ट फोनवर मिळत नाही.

मुख्याधिकारी हा या व्यवस्थेतला दुसरा खांब आहे आणि तो नीट समजल्याशिवाय नगराध्यक्षांचे पद समजत नाही. मुख्याधिकाऱ्यांची नेमणूक राज्य शासन करते, ते शासनाच्या संवर्गातले अधिकारी असतात, आणि त्यांची बदली, बढती, शिस्तभंगाची कारवाई हे सारे शासनाकडे असते. त्याच वेळी कायद्याचे कलम ७७ असे सांगते की मुख्याधिकाऱ्यांनी परिषदेच्या आर्थिक व कार्यकारी कारभाराकडे नगराध्यक्षांच्या नियंत्रणाखाली, त्यांच्या निर्देशानुसार आणि देखरेखीखाली लक्ष द्यायचे. अपहार, चोरी, परिषदेच्या मालमत्तेचे नुकसान असा प्रकार उघडकीस आला तर तो त्यांनी नगराध्यक्षांना कळवायचा आहे. सभेला ते उपस्थित राहतात, विषय समजावून सांगतात, कायदेशीर अडचण असेल तर ती मांडतात. त्यांना मत नसते. मुख्याधिकाऱ्यांचे वरिष्ठ असे एकाच वेळी दोन जागी आहेत: कामाचे उत्तर नगराध्यक्षांना द्यायचे आणि नोकरीचे उत्तर मंत्रालयाला. नगराध्यक्ष त्यांना निर्देश देऊ शकतात, जाब विचारू शकतात, परंतु त्यांना निलंबित करू शकत नाहीत, बदलू शकत नाहीत आणि कायद्याच्या विरोधात जाणारे काम करायला लावू शकत नाहीत.

हे दोघे एकमेकांना समजून चालले तर लहानसे गावही पुष्कळ काही करून दाखवते. वेंगुर्ल्याचे उदाहरण कोकणात सर्वांना ठाऊक आहे. जेमतेम बारा-तेरा हजार वस्तीच्या या नगर परिषदेने घराघरातून कचरा वेगवेगळा करून घेण्याची शिस्त लावली, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस तयार केला, सुक्या कचऱ्याचे अनेक प्रकार वेगळे काढले, आणि जिथे पूर्वी नाक धरून जावे लागे तो कचरा डेपो बाहेरगावची माणसे मुद्दाम पाहायला येतील असा केला. अशा कामात मुख्याधिकाऱ्यांची कल्पकता लागते, सफाई कामगारांचे श्रम लागतात, आणि त्याचबरोबर दंडाची, शुल्काची, यंत्रसामग्रीच्या खरेदीची पाठराखण करणारी परिषदही लागते. अधिकारी कितीही उमदा असला तरी ठरावाशिवाय तो एक यंत्रही विकत घेऊ शकत नाही.

उलट दोघांचे बिनसले की काय होते तेही आपण आपापल्या गावात पाहिलेले असते. नस्ती या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते, शेरे वाढत जातात आणि गटार तसेच तुंबलेले राहते. माझे निरीक्षण असे आहे की भांडणाचे मूळ बहुतेक वेळा तोंडी सूचनांमध्ये असते. नगराध्यक्ष दालनात बोलावून "हे करा" असे सांगतात, अधिकारी मान हलवतात, आणि पुढे प्रश्न आला की कोणी काय सांगितले होते याचा पुरावा कुठेच नसतो. देखरेखीचा अधिकार खऱ्या अर्थाने वापरायचा तर तो लेखी वापरला पाहिजे. अमुक नस्ती इतक्या दिवसांत सादर करावी, अमुक देयकाबाबत खुलासा करावा, अमुक नोंदवही तपासणीसाठी ठेवावी, असा दोन ओळींचा लेखी शेरा दहा फोनपेक्षा अधिक काम करतो, कारण त्याचे उत्तरही लेखीच द्यावे लागते आणि ते उत्तर पुढे लेखापरीक्षकाच्या आणि नागरिकाच्याही हाती लागू शकते.

सभेची ताकद

नगराध्यक्षांचे सर्वांत मोठे बळ त्यांच्या दालनात नसून सभागृहात असते, आणि याकडे आपले सर्वांत कमी लक्ष जाते. सभा बोलावण्याचा अधिकार त्यांचा आहे. एकूण नगरसेवकांपैकी किमान एक चतुर्थांश जणांनी लेखी मागणी केली तर विशेष सभा बोलावणे त्यांना बंधनकारक असते. सभेपुढे कोणते विषय कोणत्या क्रमाने यावेत यावर त्यांचा प्रभाव असतो, आणि विषयपत्रिकेत जो विषय आलाच नाही त्यावर ठराव होत नाही, एवढे ध्यानात घेतले तर या प्रभावाचे महत्त्व कळते. मते समसमान पडली तर त्यांचे निर्णायक मत असते. पाणीपुरवठा, सार्वजनिक बांधकाम, आरोग्य, महिला व बालकल्याण अशा विषय समित्यांच्या सभापतींना घेऊन जी स्थायी समिती बनते तिचे नगराध्यक्ष पदसिद्ध सभापती असतात.

सभा नागरिकांना खुली असते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आमच्या शहरात कित्येकदा प्रेक्षकांच्या बाकावर मी एकटाच असतो. एकाच दुपारी वीस-पंचवीस विषय 'मंजूर' या एका शब्दात संपताना मी पाहिले आहेत, आणि एका पाखाडीच्या कठड्यावर दीड तास चर्चा झालेलीही पाहिली आहे. अध्यक्षांनी प्रत्येक विषयाला दोन मिनिटे दिली, टिप्पणी वाचून दाखवायला लावली आणि विरोधी नगरसेवकाचा आक्षेप इतिवृत्तात नोंदवून घेतला, तर कारभाराला आपोआप वळण लागते. यासाठी वेगळा अधिकार मागावा लागत नाही, अध्यक्षस्थान पुरेसे असते.

सभेने ठराव केला म्हणजे सारे झाले असेही नाही. ठराव कायद्याच्या विरोधात असेल किंवा लोकहिताला बाधक ठरणारा असेल, तर कलम ३०८ अन्वये जिल्हाधिकारी त्याच्या अंमलबजावणीला स्थगिती देऊ शकतात. गावात मग "कलेक्टरांनी ठराव अडवला" अशी हाकाटी होते. बहुतेकदा ठराव घाईने, आवश्यक मान्यता नसताना केलेला असतो. चुकीचा ठराव मतदानाला टाकण्याआधीच मुख्याधिकाऱ्यांचे मत विचारणे हे अध्यक्षांचेच काम आहे.

पैसा कुठून येतो

अधिकार कागदावर कितीही असला तरी त्याला पैशाचे पाय लागतात, आणि कोकणातल्या नगर परिषदांचे पाय लहान आहेत. मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी, बाजार फी, विकास शुल्क हे स्वतःचे उत्पन्न असते. पूर्वी जकात हा मोठा आधार होता. राज्यातल्या नगरपालिकांची जकात १९९९ साली बंद झाली आणि तिच्या बदल्यात शासनाचे सहायक अनुदान सुरू झाले, ज्याचा मोठा भाग पगारातच जातो. केंद्रीय वित्त आयोगाच्या निधीचा बराचसा हिस्सा 'बंधित' असतो, म्हणजे तो पिण्याचे पाणी आणि स्वच्छता अशा ठरावीक कामांवरच खर्च करावा लागतो. उरलेल्या मोठ्या कामांसाठी जिल्हा नियोजन समितीकडे, नगरोत्थानसारख्या योजनांकडे किंवा थेट मंत्रालयाकडे जावे लागते.

यामुळे नगराध्यक्षांच्या पदाला एक अलिखित कर्तव्य चिकटले आहे, ते म्हणजे पाठपुराव्याचे. कायद्याच्या पुस्तकात ते सापडणार नाही, पण एखाद्या नगराध्यक्षांच्या पाच वर्षांचे मोजमाप लोक त्यावरच करतात. मला स्वतःला याची एक बाजू खटकते. वरून आणलेल्या निधीचे फलक लागतात, आणि थकलेली घरपट्टी वसूल करणाऱ्या, पाण्याच्या गळत्या शोधून काढणाऱ्या, गाळ्यांची वर्षानुवर्षे न वाढलेली भाडी कायद्याप्रमाणे वाढवणाऱ्या नगराध्यक्षांचा कोणी सत्कार करत नाही. वास्तविक अंदाजपत्रकाच्या सभेत जमेच्या बाजूवर प्रश्न विचारणे हे त्यांच्या आर्थिक देखरेखीचे पहिले काम आहे. दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास होणारी ही सभा कोणत्याही नागरिकाने एकदा तरी पाहावी.

आणीबाणीत

कोकणात पाऊस हा कारभाराची परीक्षा घेणारा असतो, म्हणून कलम ५८ मधल्या आणीबाणीच्या तरतुदीकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. एरवी ज्या कामाला परिषदेची किंवा समितीची मंजुरी लागते असे काम, लोकांच्या सेवेसाठी वा सुरक्षिततेसाठी ताबडतोब करणे आवश्यक आहे असे नगराध्यक्षांचे मत झाले, तर ते मंजुरीची वाट न पाहता काम करण्याचे किंवा चालू काम थांबवण्याचे आदेश देऊ शकतात आणि त्याचा खर्च नगर परिषद निधीतून करण्यास सांगू शकतात. वहाळाच्या तोंडाशी अडकलेला ओंडका रात्रीत काढणे, खचलेल्या पाखाडीला आधार देणे, वादळात कलंडलेले झाड घरावर पडण्याआधी तोडणे, फुटलेली मुख्य जलवाहिनी जोडणे ही अशी कामे आहेत.

दोन अटी मात्र पक्क्या आहेत. परिषदेने एखादे काम करू नये असा आधीच आदेश दिलेला असेल तर आणीबाणीचे नाव सांगून ते करता येत नाही. आणि जे केले ते का केले, हे कारणांसह लगेच पुढच्या सभेपुढे ठेवावे लागते. म्हणजे कायद्याने नगराध्यक्षांना मंजुरीच्या आधी कृती करण्याची मुभा दिली आहे, उत्तर देण्यातून सूट दिलेली नाही.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि २६ जुलै २००५ च्या आठवणी ताज्या झाल्या. पाणी ओसरल्यावर रस्त्यारस्त्यात साचलेला चिखल, दुकानांतून बाहेर टाकलेला भिजलेला माल, बंद पडलेला पाणीपुरवठा या सगळ्याला सामोरे जाताना निविदेची मुदत पाळत बसणे शक्य नसते, आणि असल्या दिवसांसाठीच ही तरतूद आहे. तरीही पूर, दरड, चक्रीवादळ अशा मोठ्या आपत्तीत जिल्ह्याची सूत्रे २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाकडे असतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा लोकांना हलवण्याचे आदेश तिथूनच निघाले. नगराध्यक्षांचे काम त्या यंत्रणेला शहराचा तपशील पुरवण्याचे, आपली माणसे आणि वाहने रस्त्यावर ठेवण्याचे, आणि कुठल्या आळीत कोण एकटे म्हातारे माणूस राहते हे सांगण्याचे असते. हे शेवटचे काम गावातल्या माणसालाच जमते.

जे नगराध्यक्षांच्या हातात मुळीच नाही त्याची यादी बरीच मोठी आहे आणि ती माहीत नसल्यामुळे आपण पुष्कळ वेळा चुकीच्या दारावर उभे राहतो. मुंबई-गोवा महामार्गाचे खड्डे त्यांच्याकडे नाहीत. एसटीचे बसस्थानक परिवहन महामंडळाचे, वीज महावितरणची, बंदरे आणि जेट्ट्या मेरिटाइम बोर्डाच्या, जिल्हा रुग्णालय आणि पोलीस राज्य शासनाचे आहेत. भरतीरेषेजवळच्या बांधकामावर किनारा नियमन क्षेत्राचे केंद्रीय नियम लागू होतात, ते शिथिल करणे नगराध्यक्षांच्या तर सोडाच, परिषदेच्याही अधिकारात नाही. शहरातल्या घराच्या बांधकाम परवानगीची प्रक्रियाही विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे मुख्याधिकारी आणि तांत्रिक विभाग चालवतात. "नगराध्यक्षांना सांगून नकाशा पास करून देतो" असे कोणी म्हणाले तर सावध व्हावे.

थेट निवड आणि तिचे परिणाम

नगराध्यक्ष नगरसेवकांनी निवडावा की जनतेने, याबाबत आपल्या राज्याचे धोरण सतत हेलकावे खात आले आहे. २००१ मध्ये थेट निवडणूक आली, २००६ मध्ये ती बंद झाली, २०१६ मध्ये परत आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत मतदारांनी प्रभागातल्या सदस्यांसाठी मत देताना नगराध्यक्षांसाठीही वेगळे मत दिले, ते याच पद्धतीने.

थेट निवडून आलेल्या नगराध्यक्षांना साऱ्या शहराचा कौल असतो, त्यामुळे चार नगरसेवकांच्या रुसव्याने त्यांची खुर्ची डळमळत नाही. हा मोठा लाभ आहे. मात्र नगराध्यक्ष एका पक्षाचे आणि सभागृहात बहुमत दुसऱ्या पक्षाचे अशी स्थिती उद्भवू शकते, आणि मघाशी सांगितलेली 'ठरवणे' व 'पाहणे' यांची विभागणी तेव्हा फार जाणवते. जनतेने निवडलेल्या व्यक्तीला कामावर लक्ष ठेवता येते, पण बहुमताशिवाय एकही नवे काम मंजूर करून घेता येत नाही. अशा वेळी जाहीरनाम्यातली वचने सभागृहात अडकतात आणि मतदाराला वाटते की आपण निवडलेला माणूस निकामी निघाला. थेट निवडीने नगराध्यक्षांच्या पाठीशी लोकांचा कौल उभा केला, परिषदेचे मंजुरीचे अधिकार मात्र जागच्या जागीच ठेवले. माझ्या मते या पद्धतीची ही अपुरी राहिलेली बाजू आहे.

कर्तव्यात कसूर, गैरवर्तन किंवा काम करण्यास असमर्थता यांसाठी राज्य शासन, म्हणणे मांडण्याची संधी देऊन, नगराध्यक्षांना पदावरून दूर करू शकते. थेट निवड त्यांना या कारवाईपासून वाचवत नाही.

पदांच्या आरक्षणात निम्म्या जागा महिलांसाठी असल्याने कोकणातल्या अनेक शहरांना नगराध्यक्षा लाभल्या आहेत. इथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. कायदा फक्त निवडून आलेल्या व्यक्तीला ओळखतो. नगराध्यक्षांच्या दालनात त्यांच्या पतीने बसून अधिकाऱ्यांना सूचना देणे, नस्त्या चाळणे, कंत्राटदारांशी बोलणे याला कायद्यात कुठलेही स्थान नाही, आणि अशा सूचना पाळण्याचे कोणत्याही कर्मचाऱ्यावर बंधन नाही. आमच्याकडे एका सभेत एका नगरसेविकेने सर्वांसमोर हाच प्रश्न विचारला होता, तेव्हा सभागृहात पसरलेली शांतता मला अजून आठवते.

नगराध्यक्ष नसले की काय होते, याचा अनुभव कोकणाने अलीकडेच घेतला. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या परिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली, आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला, आणि पुढची जवळजवळ चार वर्षे प्रशासकांची राजवट चालली. अनेक ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक होते. त्या काळात कामे झाली नाहीत असे मी म्हणणार नाही. काही कामे तर अधिक वेगाने झाली. परंतु प्रस्ताव ठेवणारा, त्याला मंजुरी देणारा, तो अमलात आणणारा आणि त्यावर देखरेख करणारा माणूस एकच झाला. एकाच व्यक्तीने स्वतःलाच टिप्पणी सादर करायची आणि स्वतःच मंजूर करायची, यात कोणाची सचोटी कमी होती असा माझा आरोप नाही. पण प्रश्न विचारण्यासाठी कायद्याने नेमलेली जी खुर्ची असते तीच रिकामी होती. प्रेक्षकांचा बाकही तेव्हा रिकामाच राहिला, कारण सभाच नव्हत्या.

आता त्या जलवाहिनीकडे परत येतो. पुढे तिची सारी कागदपत्रे मी माहितीच्या अधिकारात मागवून पाहिली. आमच्या भेटीनंतर नगराध्यक्षांनी महिन्याभरात विषय पाणीपुरवठा समितीपुढे आणि तिथून सर्वसाधारण सभेपुढे ठेवला होता. सभेने ठराव केला, मग अभियंत्याने अंदाजपत्रक तयार केले, ते तांत्रिक मान्यतेसाठी गेले आणि त्रुटी निघाल्याने परत आले. दुसऱ्यांदा गेले तोवर पहिला पावसाळा लागला. निधी ज्या शीर्षातून घ्यायचा होता त्यात पुरेशी रक्कम नव्हती, म्हणून पुढच्या अंदाजपत्रकाची वाट पाहिली गेली. पहिल्या निविदेला प्रतिसाद मिळाला नाही, कारण जांभा फोडून चर खणायचा होता आणि दर परवडणारा नव्हता. फेरनिविदा निघाली, कार्यादेश झाला तेव्हा मे संपत आला होता, आणि पावसाळ्यात रस्ता खोदण्यास बंदी असल्याने काम दिवाळीनंतर सुरू झाले.

त्या नस्तीत नगराध्यक्षांचे सात लेखी शेरे आहेत. तीन अभियंत्याला, दोन लेखा विभागाला, दोन मुख्याधिकाऱ्यांना. प्रत्येकावर तारीख आहे आणि प्रत्येकाखाली उत्तर आहे. आम्ही आळीत बसून त्यांना नावे ठेवत होतो त्या काळातले ते शेरे आहेत. मी त्यांची छायाप्रत काढून आळीतल्या बैठकीत वाचून दाखवली, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेला प्रेक्षकांच्या बाकावर आमच्या आळीतली सहा माणसे होती.